सुजाताचं पाव-तेल

सुजाता,

आधी तक्रार करतो. फळीवरच्या सगळ्या बरण्यांवर तू चिकटपट्टी लावून ठेवली आहेस, आणि त्यामुळे गेले एकोणीस दिवस मला या दोन खोल्यांत कुठेच लपता येत नाही. चहा पावडर, खाली तारीख. हळद, खाली तारीख. तुझ्या आईच्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. जिथे हात घालावा तिथे तुझं अक्षर. ही हॉटेलातली सवय. डब्यात काय आहे आणि कधी भरलं हे लिहिल्याशिवाय तुमच्या कोल्ड किचनमध्ये फ्रीजचं दार उघडत नसत, म्हणून घरातही त्याशिवाय चालणार नाही. एका रविवारी मी बारा वाजेपर्यंत घोरत पडलो होतो, तर माझ्या बनियनवर पट्टी चिकटवलीस: 'विलास. उघडल्यापासून चोवीस तासांत वापरावा.' आई पदर तोंडाला लावून हसत होती.

पुण्यानुमोदनाला विहारात लोक तुझ्याबद्दल बोलले. शांत, मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही. मी खाली मान घालून बसलो होतो, नाहीतर हसू फुटलं असतं. शांत म्हणे! ज्या बाईने भर लग्नात केटररला 'हे सॅलड सकाळी कापलंय की काल?' असं विचारून रडकुंडीला आणलं, ती शांत? तुझ्या हॉटेलातून चौघे आले होते. त्यांच्यातला एकजण मात्र खरं बोलला. म्हणाला, मॅडम ओरडायच्या, पण ओरडल्यावर आपल्या हाताने करून दाखवायच्या. ती माझी सुजाता. बाकीची कुणाची होती माहीत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण हे तुला कळायला हवं. आई जेवत नव्हती.

तेरा दिवस सगळं ठीक होतं. म्हणजे ठीक कुठलं, पण घरात पाहुणे होते, चूल बंद होती, आणि चाळीतून जेवण येत होतं. समोरच्या कमलताई पिठलं-भाकरी द्यायच्या, खालून वरण-भात यायचा. आई दोन घास का होईना खात होती. मग पाहुणे गेले, मी कामावर हजर झालो. घरातला गॅस पेटला त्या दिवसापासून आईचं ताट बंद झालं. सकाळी चहा, संध्याकाळी चहा. विचारलं तर एकच उत्तर, 'भूक न्हाय, जावईबापू.'

पहिल्या दिवशी मी खिचडी केली. तिने ताट हळूच पुढे सरकवलं. मी चाखली तर मिठाचा पत्ता नाही. म्हटलं, बरोबर आहे, असली खिचडी कुत्रं खाणार नाही. दुसऱ्या दिवशी आठवणीने मीठ घातलं, तूपही घातलं. तरी ताट सरकलं. तिसऱ्या दिवशी कमलताईंनी मटकीची आमटी आणली. आई गॅलरीत गेली, कमलताईंच्या उंबऱ्याशी बसली आणि अर्धी वाटी आमटी भाकरीबरोबर खाल्ली. मी दारातून बघत होतो. भूक नव्हती असं नव्हतं. माझ्या घरात भूक नव्हती.

मी पाणीखात्यातला चावीवाला. सत्तावीस वर्षं रस्त्यावरची झाकणं उचलून व्हॉल्व्ह उघडतोय आणि बंद करतोय. कुठल्या गल्लीत पाणी का चढत नाही, हे शोधायला मला वेळ लागत नाही. घरातली गोष्ट कळायला तीन दिवस लागले.

तुझी आई नऊ वर्षं आपल्याकडे राहिली, पण जावयाच्या घरचं एक शीत तिने खाल्लं नाही. ती लेकीच्या हातचं खायची. तुझी सकाळची ड्यूटी असली की तू तिचं ताट वाढून, झाकून, वर चिकटपट्टी लावून जायचीस, 'आई, दुपार'. त्या पट्टीमुळे ते ताट लेकीचं व्हायचं. एकदा तू डबल ड्यूटीला अडकलीस तर आई रात्री तू येईपर्यंत उपाशी बसली. मी दहा वेळा म्हटलं, वाढतो. ती म्हणाली, 'येईल की पोर.' तू आलीस, चप्पल न काढता मला बोललीस. मला! मी काय करणार होतो? आता तू येणार नाहीस, आणि आई त्या दिवसासारखीच बसून होती.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपल्या दोघांनाच माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. तू जायच्या चार दिवस आधी आपलं भांडण झालं. तुझे पाय सुजत होते, तू जिन्यात दोनदा थांबत होतीस. मी म्हटलं, आईला महिनाभर गावाला पाठवू, तुला जरा आराम मिळेल. तू म्हणालीस, 'ती माझी आई आहे, पाहुणी नाही. परत हा विषय काढू नकोस.' मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच बोलतोय. तू पर्स उचललीस आणि ड्यूटीला गेलीस. तो विषय तिथेच राहिला. पडद्यापलीकडे आई वाटाणे सोलत बसली होती. दोन खोल्यांच्या घरात पडदा म्हणजे काय, फक्त दिसत नाही एवढंच.

मंगळवारी तिने आपल्या पुतण्याला, गावच्या दत्तूला, फोन लावला. रविवारी येऊन घेऊन जा म्हणाली. पिशवीत तीन लुगडी, बाबासाहेबांचा छोटा फोटो, तुझा शाळेतला एक फोटो आणि औषधांचा डबा भरून ती दाराशी ठेवून मोकळी झाली. गावात दवाखाना एसटीने जाण्याइतका लांब. दत्तूची बायको स्वतः आजारी. तिथे ही साखरेची पेशंट म्हातारी जाऊन काय करणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी रागावलो. तुझ्यावर, तिच्यावर, माझ्या जिभेवर. मग ठरवलं. रविवारी दत्तू आला तर त्याला चहा पाजून परत पाठवायचा. आई कुठेही जाणार नाही. 'ती पाहुणी नाही' हे तुझंच वाक्य, फक्त आता ते मला पुरं करायचं होतं.

पण नुसतं ठरवून म्हातारी जेवत नाही. तिला लेकीच्या हातचं हवं होतं. मी सगळं घर उलथंपालथं केलं. तू केलेलं लिंबाचं लोणचं पाहुण्यांनी संपवलं होतं. शेंगदाण्याची चटणी संपली होती. फ्रीज तर माझ्या बहिणींनी येऊन धुवून पुसून ठेवला होता, देव त्यांचं भलं करो म्हणवत नाही मला. शेवटी वरच्या फळीवर मागे एक बरणी मिळाली, पाऊण भरलेली. 'ड्राय हर्ब्स', खाली तू जायच्या आठ दिवस आधीची तारीख.

तुझ्या हातचं घरात फक्त तेवढंच उरलं होतं. आणि ते म्हणजे तुझ्या पाव-तेलाचा मसाला. जो पदार्थ आईने जन्मात तोंडात घातला नाही, नेमका तोच. मी बरणी हातात धरून ओट्याला टेकून उभा राहिलो आणि तुला एक शिवी दिली. ऐकू आली असेल तर बरंच झालं.

तुला आठवतं का, ते तेल तू पहिल्यांदा घरी आणलंस ते? क्रॉफर्ड मार्केटातून ऑलिव्ह तेलाची हिरवी बाटली आणली होतीस, लहान बाळ आणावं तशी छातीशी धरून. हॉटेलात तू भांडी घासायला लागलीस आणि तिथून कोल्ड किचनमध्ये गेलीस. सॅलड, सॉस, डिप, जे जे विस्तवाशिवाय होतं ते सगळं तुझ्या हातात. त्या दिवशी तुला घरच्यांना दाखवायचं होतं. तू भाजी आणायला खाली गेलीस आणि मी मदत म्हणून ते तेल कढईत ओतून तापवलं, मोहरी टाकली. बायको तेलाची बाटली घेऊन आली तर नवरा दुसरं काय करणार? घरभर धूर झाला. तू आलीस, कढईत बघितलंस आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मग बोललीस ते एवढंच, 'या तेलाला आग दाखवायची नाही. शपथ घे.' मी घेतली.

आईचा मुद्दा वेगळा होता. तिच्या लेखी ते खायचं तेलच नव्हतं. तू सातव्या महिन्यात जन्मलीस, मुठीएवढी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तुझ्या बाबांनी गिरणीतून येताना औषधाच्या दुकानातून या तेलाची चपटी डबी आणली, आणि आईने वर्षभर गॅलरीतल्या उन्हात तुला त्याने चोळलं. 'ज्या तेलानं पोर चोळली ते पावाला लावून खाऊ? काय येड लागलंय का?' तू म्हणायचीस, 'अगं, म्हणून तर मी अशी टिकाऊ झाले.' दर वेळी हेच. तुम्ही दोघी भांडायच्या आणि मधल्या मधे बशी मी पुसून खायचो.

दुसरा वाद लसणीचा. तू लसूण किसून कच्चीच घालायचीस. आई म्हणायची, कच्च्या लसणीचा वास बाधतो, तिला तेलात लाल करायला पाहिजे. तू म्हणायचीस, लाल केली की ती फोडणी झाली, डिप नाही. 'गॅस न्हाय पेटवायचा तर त्यो सैपाक कसला? तुझ्या एवढ्या मोठ्या हॉटेलात गॅस न्हाय व्हय?' या प्रश्नावर तू कपाळाला हात लावायचीस. हा खटला वर्षानुवर्षं चालला. निकाल काही लागला नाही.

आणि तुझ्या कुंडीतली ती बेसिल. खालचे कदमकाका गॅलरीत थांबले होते, 'काय गं सुजाता, बौद्धाच्या घरात तुळस?' तू लगेच, 'काका, ही इटालियन आहे. हिचं लग्न नाही लावत, हिला खातो आम्ही.' काकांनी ते सगळ्या चाळीला सांगितलं. कुंडी अजून आहे. पाहुण्यांच्या गडबडीत पाणी घालायचं राहिलं आणि ती वाळली. ती माझी चूक. पाणी सोडायचा पगार घेतो मी.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत, आता एकाच गोष्टीचे मानतो. तुमच्या हॉटेलात स्टाफच्या घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा तू आईला आणि मला पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसवलंस. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, तू स्वतः पाव आणि तेलाची बशी घेऊन आलीस. आई खुर्चीतून उठून उभीच राहिली. तिला वाटलं, कुणी साहेब आले. तू तिच्या खांद्याला धरून तिला खाली बसवलंस आणि म्हणालीस, 'आई, आज तू बसायचं.' तिने त्या बशीला हात लावला नाही, पण महिनाभर आपल्या घोडपदेवच्या प्रत्येक नळावर सांगत होती की लेकीला टोपी आहे. माझ्यासारख्या माणसाला तू त्या टेबलावर नेलंस, याचे आभार. तेव्हा मी म्हणालो होतो, पाव जरा कडक आहे.

तर बुधवार. दुपारी कामावरून सुटलो, ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली घेतली, बेकरीत गेलो. तू नेहमी घ्यायचीस तो कडक पाव घेतला, दाबला की कुरकुर वाजणारा. घरी येऊन हात धुतले, कोपरापर्यंत, तू धुवायला लावायचीस तसे. तुझी सगळी शिकवणी मनात घोळवली. मसाला आधी तळहातावर घेऊन चोळायचा, त्याशिवाय तो जागा होत नाही. दोन पाकळ्या लसूण किसायची. मीठ, जाडसर मिरी, चार थेंब लिंबू. बशीत मसाला पसरायचा आणि त्यावर तेल वरून, बारीक धारेने, गोल गोल. व्हॉल्व्हचंही तसंच असतं, एकदम उघडला तर लाईन फुटते. मी फेरे मोजत तेल सोडलं. मग वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं. ती वीस मिनिटं मी घड्याळासमोर बसून काढली. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

बशी तिच्यासमोर ठेवली, शेजारी बरणी ठेवली. मला बघून ती उठून बसली आणि डोक्यावर पदर घेतला. नऊ वर्षांत माझ्यासमोर तिचा पदर कधी खाली आला नाही.

'आई, हे तिच्या हातचं आहे. मसाला तिने मिसळलाय. मी फक्त तेल ओतलं.'

तिने बरणी उचलली. पट्टीवरून बोट फिरवलं. 'काय लिवलंय?'

मी वाचून दाखवलं. तारीखही वाचली. तिने बरणी मांडीवर ठेवली. मग बशीकडे बघून म्हणाली, 'ह्ये चोळायचं त्याल.'

मला वाटलं, संपलं. आता हिला रविवारी दत्तूच्या हवाली करायचं आणि मग मी या बरण्यांबरोबर राहायचं. मग म्हटलं, जे बोलायचं ते तरी बोलून घेऊ.

'आई, मी तिला म्हणालो होतो, तुम्हाला गावाला पाठवू. तुम्ही ऐकलंत ना?'

'ऐकलं हुतं.'

'माझं चुकलं.'

'काय चुकलं? पोरगी दमत हुती. तुमच्या ध्यानात आलं, माझ्या न्हाय आलं.' ती माझ्याकडे बघत नव्हती. 'म्या आई आसून माझ्या न्हाय ध्यानात आलं.'

'मग त्यासाठी जाऊ नका. मला तुम्ही इथे हव्या आहात.'

'त्यासाठी न्हाय चालले. लेक हुती तवर लेकीच्या घरात हुते. आता जावयाच्या घरात नुसती बसून खाऊ? तुम्हीच सांगा. नुसती बसून?'

मी पावाचा तुकडा तोडून तिच्यासमोर धरला. तिने घेतला नाही. बशी मात्र उचलली, नाकाशी नेली, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

'लसून कच्चीच हाय.'

'तशीच असते, आई.'

'कोन म्हनलं?'

'सुजाता.'

'तिला काय कळतंय!'

सुजाता, तू गेल्यापासून तुला कुणी रागावलं नव्हतं. सगळे तुझं कौतुकच करत होते. आईच्या तोंडून ते ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. बशी घेऊन ओट्याकडे गेली, वाकली आणि खाली सिलिंडरचं बटण फिरवलं. ते बटण बंद करणारा मीच. सहा वर्षांपूर्वी दूध उतू जाऊन पातेलं जळलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, आजपासून आईने गॅसला हात लावायचा नाही. मग रोज घराबाहेर पडताना मी ते बटण बंद करून जायचो. बंद करणं हे माझंच काम, हसून म्हणायचो. तिला बटण कुठल्या बाजूला फिरतं हे बघावंही लागलं नाही. सहा वर्षं बसल्या जागेवरून तिने ते पाहिलं होतं.

'आई, या तेलाला आग दाखवायची नसते. शपथ आहे.'

'सर तिकडं.'

मी सरलो. तिने लोखंडी पळी घेतली. बशी कलती करून, मसाल्याला बोटाने आडवून, नुसतं तेल पळीत घेतलं. माझी किसलेली लसूण बाजूला सारली आणि तिने चार नवीन पाकळ्या मुठीने ठेचल्या. आच अगदी बारीक ठेवली. माझ्यासारखा धूर केला नाही. लसूण हळूहळू रंगली, कडा लाल झाल्या, तशी तिने गॅस बंद केला, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि मग ते तेल तुझ्या मसाल्यावर ओतलं. चर्र झालं. घरभर असा वास सुटला की समोरून कमलताई ओरडल्या, 'विलासभाऊ, आज काय फोडणी दिलीत?'

तुझ्या बाजूने लढायला मी एकटाच होतो आणि मी लढलो नाही. मी आईचे हात बघत होतो. तीन दिवस धड न जेवलेली बाई, पण हात सरावाने चालत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण दोघांनी चूक केली, सुजाता. 'तू आयुष्यभर चूल फुंकलीस, आता बसून खा,' असं तू नऊ वर्षं म्हणत राहिलीस. प्रेमानेच म्हणालीस, मला माहीत आहे. मी माना डोलावल्या. पण ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना रांधून घातलं, तिला आपण विस्तवापासून लांब बसवलं आणि वर म्हणालो की तू पाहुणी नाहीस. मग दुसरं काय होती ती? तिला लेकीच्या हातचं नको होतं. जावयाच्या हातचंही नको होतं. तिला तिच्या हातचं हवं होतं. हे मी तुझ्याशी भांडून सांगायला हवं होतं, पण मला तरी कुठे कळलं होतं? तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बटण चालू ठेवून गेली असतीस. तशी तू होतीस.

ती बशी घेऊन खाली बसली. पाव मोडला, मोठा तुकडा तेलात दाबून बुडवला आणि आधी मला दिला. मी खाल्ला. रागावू नकोस, चांगलं झालं होतं. फार चांगलं झालं होतं. मग तिने आपला तुकडा बुडवला. तोंडात घातला, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिली. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. घास खाली उतरला. तिने दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा.

मला रडू आलं. तू गेल्यावर सगळ्यांसमोर रडलो होतो, ते वेगळं. हे आतून, कुठला तरी जाम झालेला व्हॉल्व्ह सुटावा तसं आलं. तुझ्याशिवाय जगायचं आहे हे मला त्या क्षणी पहिल्यांदा पटलं, आणि जगता येईल हेही. आईने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. 'खा आदी. गार हुतंय.' डोक्यावरचा पदर तिच्या खांद्यावर आला होता आणि तिचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी दत्तूचा फोन आला. मी पलीकडे बसलो होतो, मुद्दाम बसलो होतो. आई म्हणाली, 'न्हाय, रव्वारी नगं येऊस. कसं येऊ? हितं सैपाकाला कोन न्हाय.' फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं आणि कामाला लावलं. 'उद्या येताना ज्वारी दळून आण. किलोभर. आन् त्ये चोळायचं त्याल परत आणू नगंस, श्येंगदान्याचं आण.'

आज गुरुवार. शिफ्ट संपवून थेट पिठाच्या गिरणीवर गेलो. पाच किलो ज्वारी दळून आणली. पिशवी ओट्यावर ठेवली तशी ती बघतच राहिली.

'यवढं पीठ? दोन दिसांत विरी जाती त्याची, भाकरी थापता येत न्हाय. म्या किलोभर सांगितलं हुतं. कोन खानार यवढं?'

म्हटलं, आपण दोघं. रोज.